जुनं डेथ मेटल: कुठून सुरुवात कराल?

वागळे इस्टेटमधल्या रोड नंबर 16 वर प्रेस मशीनचा ठोका ऐकत मोठा झालेला माणूस डेथ मेटलला बिचकत नाही. तरी थेट आजचे बँड लावू नका, मुळाशी जा. फ्लोरिडाच्या 'डेथ'चा 'स्क्रीम ब्लडी गोअर' (1987), मग मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (1989).

माझा जीव मात्र स्वीडनवर. एन्टूम्ब्डचा 'लेफ्ट हँड पाथ' (1990) स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत रेकॉर्ड झाला. गिटारचा तो करवतीसारखा आवाज बॉसच्या एचएम-2 पेडलचा: सगळे नॉब फुल्ल फिरवायचे, बस! ट्यूनिंग खाली उतरवलेलं, त्यामुळे रिफ अंगावर येतो.

आपल्याकडे? बंगळूरचा डाइंग एम्ब्रेस 1991 पासूनचा. संथ, कुबट, अस्सल जुन्या वळणाचा. हैदराबादच्या गॉडलेसचा 'स्वार्म' (2018) जरूर ऐका. मुंबईचा गटस्लिट भारीच, पण तो ब्रूटल डेथ मेटल. जुन्या पठडीतला नव्हे. डेमॉनिक रिझरेक्शनही मुंबईचाच. त्यांच्या 'दशावतार'मध्ये (2017) मत्स्य, कूर्मापासून एकेका अवतारावर गाणं आहे. कीबोर्ड बराच असल्याने कट्टर मंडळी नाकं मुरडतात. मुरडू देत.

आणि हो, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसच गायब होतो.