गप्पांचं सॉफ्टवेअर मुळापासून बांधताना

ऑगस्ट २०२४मध्ये ‘पिजिन’ या मोफत मेसेंजरच्या कर्त्यांनी एक जाहीर कबुली दिली. इतरांनी तयार केलेल्या प्लगिनांची जी यादी ते ठेवतात, तिच्यात जुलैपासून एक भामटं प्लगिन शिरलं होतं. सांगायला ते स्क्रीन शेअर करणारं. प्रत्यक्षात वापरणारा कळफलकावर काय टाइप करतो, तेही टिपणारं. त्याच्या कर्त्याने फक्त तयार, चालवायची फाइल दिली होती. सोर्स कोड दिलाच नव्हता, आणि हे वेळेवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यानंतर नियम झाला : यादीत यायचं तर मुक्त परवाना हवाच.

सोर्स कोड हा माणसाला वाचता येणारा मजकूर. त्याची यंत्राला चालवता येईल अशी फाइल करणं म्हणजे कंपाइल करणं. एरवी हे काम दुसऱ्याच कुणीतरी उरकलेलं असतं आणि आपण ‘इन्स्टॉल’ दाबून मोकळे होतो. लिनक्सवर मात्र हा खटाटोप घरच्या घरी करता येतो. एकदा करून पाहायला पिजिन चांगला : सी भाषेत लिहिलेला, अगदी चिमुकला नाही आणि अवाढव्यही नाही.

त्याचा जन्म १९९८चा. अमेरिकेत एओएलच्या मेसेंजरवर गप्पा रंगत होत्या, तेव्हा मार्क स्पेन्सर या तरुणाने लिनक्ससाठी ‘गेम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. स्पेलिंगमध्ये एओएलच्या मेसेंजरचं ‘एम’ दडलेलं होतं, त्यावरून कंपनीशी बरीच वर्षं वाद चालला आणि २००७मध्ये नाव बदलून पिजिन झालं. त्याच वेळी संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या भागाला ‘लिबपर्पल’ हे नाव मिळालं. खिडक्या आणि बटणं वेगळी, निरोपांची यंत्रणा वेगळी, ही विभागणी मला पिजिनमधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. मॅकवरचा ‘एडियम’ याच लिबपर्पलवर उभा राहिला.

आता बांधकाम. पिजिनच्या २.१४ मालिकेतली कोडची दाबलेली फाइल उतरवायची, सोबतच्या डिजिटल सहीशी ती ताडून पाहायची, मग उलगडायची. आत ‘पीओ’ नावाचं फोल्डर दिसेल. त्यात भाषांतरांच्या फाइली असतात आणि ‘एमआर’ या नावाची मराठीचीही आहे. इंग्रजी वाक्य, खाली मराठी वाक्य, अशी साधी रचना. एखादा शब्द खटकला तर बदला. बांधून झालं की पिजिनच्या मेन्यूत तुमचा शब्द दिसेल. सी भाषेचं अक्षरही न येणाऱ्याला सोर्स कोडला हात लावायचा असेल, तर याहून सोपी जागा नाही.

पहिली आज्ञा ‘कॉन्फिगर’. पडद्यावर ‘हे आहे का, ते आहे का’ अशा ओळींची रांग लागते. ही स्क्रिप्ट नुसती शोधाशोध करत नाही. सी भाषेतले छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून ते तुमच्या संगणकावर कंपाइल होतात का, हे करून बघते. बहुतेक नवखे इथेच हात टेकतात, कारण जीटीके किंवा ग्लिब या लायब्रऱ्या सापडत नाहीत म्हणून स्क्रिप्ट थांबते आणि त्या तर संगणकावर असतात! गोम अशी की लिनक्सवाले लायब्ररीचे दोन भाग करतात : एक प्रोग्रॅम चालवायला लागणारा, दुसरा प्रोग्रॅम बांधायला लागणारा. उबुंटूवर दुसऱ्याच्या नावापुढे ‘डेव्ह’ असतं, फेडोरावर ‘डेव्हेल’. तो भाग घातला की गाडी पुढे सरकते. स्पेलिंग तपासणं, व्हिडिओ कॉल यांसारखी अंगं नको असतील तर गाळताही येतात. संदेश कुलूपबंद नेणारी एनएसएस किंवा जीएनयूटीएलएस यांपैकी एक लायब्ररी मात्र गाळू नये.

दुसरी आज्ञा ‘मेक’. हे अवजार स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये घडवलं. त्याच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाही. ही खोड पन्नास वर्षं पिढ्यान्‌पिढ्यांनी निमूट सोसली आहे. कोणती फाइल बदलली हे पाहून मेक तेवढीच पुन्हा कंपाइल करतं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला काम झटपट होतं. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’. सांगितलं नाही तर ते सगळं साहित्य संगणकाच्या सामाईक जागेत ठेवतं आणि त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. त्यापेक्षा कॉन्फिगर करतानाच ‘प्रीफिक्स’ देऊन स्वतःच्या होम फोल्डरात वेगळी जागा नेमावी. कंटाळा आला की ते फोल्डर पुसलं, विषय संपला.

स्वतः बांधलं म्हणजे निर्धोक, असं मात्र समजू नये. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्सवर सर्वत्र असणाऱ्या अवजारात चोरवाट सापडली. ती उघडणारी स्क्रिप्ट उतरवायच्या दाबलेल्या फाइलीत होती, सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हती. सही तपासूनही उपयोग नव्हता, कारण सही करणाराच फितूर. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकलं आणि माग काढत तो चोरवाटेपर्यंत पोचला. कोड बंद असता तर तो माग निघणं फार अवघड झालं असतं. आपण कोडची प्रत्येक ओळ वाचत नाही, वाचणारही नाही. कुणाला तरी ती वाचता येते, यावर हा सगळा डोलारा उभा आहे.

बांधून झाल्यावर बोलायचं कुणाशी, हा रास्त प्रश्न. एओएलचा मेसेंजर डिसेंबर २०१७मध्ये, याहूचा जुलै २०१८मध्ये आणि आयसीक्यू जून २०२४मध्ये बंद झाला. व्हॉट्सअ‍ॅप पिजिनमध्ये मुळात येत नाही. उरतात मुख्यतः आयआरसी आणि एक्सएमपीपी या निरोप पाठवण्याच्या खुल्या पद्धती. कुणा एका कंपनीच्या मालकीच्या नसल्यानेच त्या टिकल्या. दोन मित्रांनी एक्सएमपीपीची खाती उघडली तरी सुरुवात होते.

तेव्हा एखाद्या रविवारी बांधून जरूर पाहा. रोजच्या वापरासाठी मात्र आपल्या लिनक्सबरोबर मिळणारं तयार पॅकेजच घ्या. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटमधून मिळतात. हाताने बांधलेल्या पिजिनला त्या आपोआप मिळत नाहीत.