होडीच्या इंजिनाची धार बारीक झाली? घरीच बदला इंपेलर

आउटबोर्ड इंजिन चालू असताना मागून पाण्याची धार पडते. ती थांबली तर इंजिन लगेच बंद करा, नाहीतर तापून जाम होईल. धारेच्या भोकात कचरा नसेल, तर बहुधा पंपातला रबरी इंपेलर गेलेला असतो. खाडीच्या रेतीमिश्रित पाण्यात तो लवकर झिजतो.

आधी प्लगच्या कॅप काढा. गिअरचा रॉड व बोल्ट सोडवून पंख्याकडचा खालचा भाग उतरवा. पंपाचं झाकण काढून इंपेलर बदला. शाफ्टवरची बारकी चावी हरवू नका. तुटलेल्या पात्यांचे सगळे तुकडे शोधा, राहिलेला तुकडा पाण्याची वाट अडवतो. नवीन बसवताना शाफ्ट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवा. शेवटी पाण्याच्या पिंपात चालवून धार बघा. कोरडं चालवलं तर नवं रबरही लगेच जळतं.