महाडचा लढा दिवाणी न्यायालयातही जिंकला

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण त्याच तळ्यासाठी पुढे जवळजवळ दहा वर्षे दिवाणी दावा चालला आणि तोही बाबासाहेबांनी जिंकला, याविषयी फारसे बोलले जात नाही. सिंदी (रेल्वे) सारख्या गावातील समाजबांधवांनी तो समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्णांनी तेथील दुय्यम न्यायाधीशांकडे बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. तळे स्पृश्यांच्या खासगी मालकीसारखे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी प्राचीन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. म्हणूनच २५ डिसेंबरच्या परिषदेसाठी हजारो लोक जमूनही तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला गेला. बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मोडला नाही. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो हुकूम उठला.

८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला. वादींचे ठाण्याचे अपील १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयातील अपील १७ मार्च १९३७ रोजी फेटाळले गेले. शेवटचा निकाल न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांचा होता.

वादी हरले कशामुळे? इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून आलेले तत्त्व असे : रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती अतिप्राचीन, निश्चित आणि वाजवी असली पाहिजे, आणि जो रूढी सांगतो त्यानेच ती सिद्ध केली पाहिजे. तळे नगरपालिकेचे ठरले आणि रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना दाखवता आले नाही. 'आमच्यात असेच चालते' एवढे सांगून भागले नाही.

हे सारे आज आपण सांगू शकतो, कारण कागद राहिले. या दाव्याची कागदपत्रे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या १७व्या खंडात वाचता येतात. पण सगळ्याच दाव्यांचे नशीब असे नसते. १९१७ च्या कायद्याने मुदत संपलेले न्यायालयीन कागद नष्ट करण्याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिला. साक्षी, अर्ज, रोजनामा असे कागद मुदतीनंतर जाऊ शकतात.

आपल्या भागातील जुनी प्रकरणे शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर्धा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. वरची अपिले नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाकडे जात. मुंबई उच्च न्यायालयाशी आपला संबंध १९५६ नंतर आला. त्यामुळे जुन्या निकालांवर वेगळ्या न्यायालयाचे नाव दिसेल.

विहाराची जागा, विहीर, स्मशानभूमी किंवा शेती यांबाबत आजोबा-पणजोबांच्या काळात दावा झाला असेल, तर घरातला जुना कागद शोधा. त्यावरचा दावा क्रमांक, वर्ष व पक्षकारांची नावे लिहून घ्या आणि न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र व हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल काढा. एक प्रत घरी, एक विहारात ठेवा. उद्या कोणी 'इथे पूर्वीपासून असेच आहे' म्हणाले, तर उत्तर द्यायला आपल्या हातात कागद असला पाहिजे.

जय भीम!