सर्वरसाभ्यास : कानांचाही

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात अग्र्य भावांची यादी दिली आहे. बल देणाऱ्या गोष्टींमध्ये तेथे सर्व रसांच्या अभ्यासाला अग्रस्थान आहे, तर दौर्बल्य आणणाऱ्या गोष्टींमध्ये एकाच रसाच्या अभ्यासाला. पथ्य सांगताना आपण हा सिद्धांत दररोज वापरतो. श्रोत्रेंद्रियालाही तो तितकाच लागू पडतो, असे अनेक वर्षांच्या संगीतश्रवणानंतर माझे मत झाले आहे.

मला संगीताचा कोणताही एक प्रकार पुरत नाही. ख्यालाची विलंबित बढत ऐकताना पुढचा स्वर येईपर्यंत धीर धरावा लागतो. नाट्यपदात तोच राग थोडक्या वेळात आपले रूप दाखवून जातो. लावणीत ढोलकीचा ठेका आणि शब्दांचा नखरा या दोहोंकडे एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. वारकरी भजनात टाळमृदंगाच्या गजरात एकट्याचा आवाज वेगळा उरत नाही. कव्वालीत एकच ओळ पुनःपुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ थोडा पुढे सरकतो. पाश्चात्त्य संगीतातील चार तंतुवाद्यांच्या रचनांनी तर चार स्वतंत्र स्वरधारा एकदम ऐकण्याचे वळण माझ्या कानाला लावले.

या सवयींचा उपयोग चिकित्सालयात होतो. रुग्ण बोलता बोलता थांबला, तर मध्येच प्रश्न न विचारता वाट पाहावी, हे ख्यालाने शिकवले. तीच तक्रार तो तिसऱ्यांदा सांगू लागला, तर या खेपेस कोणता नवा शब्द आला याकडे कव्वाली ऐकलेला कान आपोआप वळतो. प्रश्नपरीक्षा म्हणजे तरी शेवटी श्रवणच होय.

वैद्यक आणि संगीत यांचा हा शेजार आपल्याकडे जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. आपण रोगार्तांचे क्लेश रसायनांनी दूर केले, असे तो ग्रंथारंभी सांगतो. पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्तीचे प्रकरण घालून तो गर्भाची वाढ व शरीररचना वर्णितो, मगच नादाकडे वळतो आणि मंद्र, मध्य व तार यांची स्थाने हृदय, कंठ व मूर्धा अशी सांगतो. शास्त्राचा इतका अभिमानी असूनही त्याने मार्गसंगीताबरोबर देशी संगीताला, म्हणजे त्या त्या प्रदेशातील लोकांचे मन रिझवणाऱ्या गायनवादनाला, ग्रंथात विस्ताराने स्थान दिले. त्याने नोंदवलेल्या रागांची संख्या 264 आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण कुमार गंधर्वांचे. बालवयातच ख्यालगायक म्हणून कीर्ती मिळवलेल्या या कलावंताला ऐन तारुण्यात राजयक्ष्म्याने गाठले. 1948च्या आरंभी ते हवापालटासाठी देवासला आले. पुढील काही वर्षे गाणे बंद होते. या रुग्णशय्येवर त्यांच्या कानांवर माळव्यातील लोकगीते पडत राहिली. आजार स्ट्रेप्टोमायसिनने आटोक्यात आला, तरी एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. मात्र मैफलीत परतलेले कुमार अधिक समृद्ध होते. लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले, निर्गुणी भजने गायिली, ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम केले आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’मधून नाट्यपदांचा नव्याने विचार मांडला.

हे उदाहरण चिकित्सकांनी नीट पाहावे. एवढ्या मोठ्या गायकाचा क्षय रागाने बरा झाला नाही. तो औषधाने हटला. संगीताने दिले ते निराळे. सक्तीच्या मौनाच्या काळात मन कोमेजू दिले नाही आणि पुढील आयुष्याला नवी दिशा दिली. ‘अमुक राग आम्लपित्तावर, तमुक राग रक्तदाबावर’ अशा तक्त्यांचा सध्या सुळसुळाट आहे. आपण एखादे चूर्ण देताना मात्रा, काल, अनुपान, प्रकृती आणि अग्नी यांचा विचार करतो. या तक्त्यांत त्यांपैकी काहीच नसते. असे तक्ते चिकित्सालयाच्या भिंतीवर किंवा औषधालयाच्या फळीवर लावल्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही, आणि त्यांवर विसंबून एखाद्या रुग्णाने औषध सोडले तर हानी मात्र निश्चित होते.

याचा अर्थ संगीताला रुग्णालयात स्थान नाही, असा नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता संगीतश्रवणाने कमी होऊ शकते, असे अनेक आधुनिक अभ्यासांत दिसले आहे. आपल्या आचार्यांनीही ही सोय सांगितली आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरालयाची सिद्धता सांगताना चरकाचार्य गीत, वाद्य, श्लोक, गाथा, आख्यायिका आणि पुराणे यांत निपुण अशी माणसे तेथे असावीत, असे म्हणतात. कोणत्या व्याधीला कोणते गीत, हे मात्र ते सांगत नाहीत. रुग्णाचे मन ज्यात रमेल ते त्याला मिळावे, अशी त्यामागील दृष्टी दिसते.

म्हणून चिकित्सकबंधुभगिनींना सुचवावेसे वाटते की, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या आहारविहाराची चौकशी करताना ‘आपल्याला काय ऐकायला आवडते?’ हाही प्रश्न विचारावा. उत्तर जात्यावरची ओवी असे येईल, जुने चित्रपटगीत असे येईल, कदाचित तमाशातील गौळण असेही येईल. आहाराप्रमाणे येथेही सात्म्याचा विचार करावा. ज्याच्या कानाला सर्व रसांचा अभ्यास आहे, त्या वैद्याला असे कोणतेही उत्तर हलके वाटणार नाही, आणि त्या निमित्ताने रुग्ण दोन शब्द अधिक मोकळेपणाने बोलेल.