नैसर्गिक भाषेतील संगणक-संवाद, विशिष्ट विषयक्षेत्रातील

वापरणाऱ्याने आपल्या नेहमीच्या भाषेत प्रश्न विचारावा व संगणकाने त्याचे औपचारिक आज्ञेत रूपांतर करून एखाद्या ठराविक विषयाच्या माहितीसंचयातून उत्तर द्यावे, अशी योजना. विषय मर्यादित असल्याने शब्दसंग्रह व शब्दांचे अर्थ आटोक्यात राहतात. या पद्धतीचे बळ त्यातच आहे.

विल्यम वुड्स व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली ‘ल्यूनर’ ही अशी एक गाजलेली प्रणाली होय. अपोलो-११ मोहिमेत आणलेल्या चांद्रखडकांच्या रासायनिक विश्लेषणाविषयी भूवैज्ञानिकांना इंग्रजीत प्रश्न विचारता यावेत, हा तिचा उद्देश होता. १९७१ मध्ये ह्यूस्टन येथील चांद्रविज्ञान परिषदेत १११ प्रश्नांपैकी ७८ टक्के प्रश्नांना तिने योग्य उत्तरे दिली. आणखी १२ टक्के प्रश्न केवळ किरकोळ, सहज दुरुस्त होणाऱ्या चुकांमुळे फसले. मात्र हे प्रश्न माहितीसंचयाच्या विषयापुरतेच ठेवलेले होते, हे विसरून चालत नाही.

खरी अडचण नेमकी येथेच आहे. यंत्रणेची सीमा रचनाकाराला ठाऊक असते. वापरणाऱ्याला ती दिसत नाही. औषधसाठ्याच्या प्रणालीला ‘मुदत संपलेली इंजेक्शने किती?’ असे विचारता ‘एकही नाही’ असे उत्तर आले, तर साठा निर्दोष आहे की मुदतीची नोंदच केलेली नाही, हे परिचारिकेला कळण्याचा मार्ग नसतो. जेरॉल्ड कॅप्लन यांच्या ‘को-ऑप’ या प्रणालीत (१९७९) प्रश्नातील गृहीतच चुकीचे असल्यास नुसता नकार न देता ते गृहीत दाखवून देण्याची सोय होती. साधीच, पण मोलाची सुधारणा.

नेहमीचे शब्दही फसवे असतात. ‘पुणे आणि नाशिक येथे राहणारे रुग्ण’ याचा शब्दशः तर्कशास्त्रीय अर्थ दोन्ही शहरांत एकाच वेळी राहणारे, असा होतो. विचारणाऱ्याला मात्र दोहोंपैकी कोठेही राहणारे अभिप्रेत असतात. ‘आणि नागपूरचे?’ असा अर्धवट प्रश्न मागील प्रश्नाशी जोडून घ्यावा लागतो. म्हणून प्रश्नाचा लावलेला अर्थ उत्तरापूर्वी वापरणाऱ्याच्या शब्दांत दाखविणे व त्यात दुरुस्ती करू देणे, ही चांगल्या रचनेची किमान अट मानली जाते.

२०२० नंतर प्रसार पावलेली बृहद्भाषा-प्रतिमाने जवळजवळ कोणतेही वाक्य स्वीकारतात. त्यामुळे न समजलेल्या प्रश्नालाही अस्खलित, पण चुकीचे उत्तर मिळू शकते व सीमा अधिकच झाकली जाते. त्यांच्या आधारे उभारलेल्या प्रणालींत प्रत्यक्ष चालविलेली आज्ञा आणि वापरलेली नोंद उत्तरासोबत दाखविण्याची पद्धत त्याकरिता अवलंबिली जाते.