दगडातली नजर

भिंगारहून शिर्डीला जाणारा माणूस समाधी मंदिरात दर्शन घेतो, पण मूर्ती कुणी घडवली हे सहसा विचारत नाही. ती शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांची. १९५४ च्या विजयादशमीला ती तिथे बसली. साईबाबांनी १९१८ मध्ये देह ठेवला होता, त्यामुळे तालीम यांच्यासमोर माणूस नव्हता, जुनी कृष्णधवल छबी होती.

नगराध्यक्ष, शाळा काढणारे दाते, सहकारातले धुरीण यांचे अर्धपुतळे करणाऱ्याचीही अडचण बहुधा हीच. माणूस गेल्यावर समिती नेमली जाते आणि शिल्पकाराच्या हाती एक फोटो येतो. फोटोत कान, मानेचा मागचा भाग, पगडीची मागची बाजू नसते. ते आप्तांना विचारून आणि अंदाजाने भरून काढावं लागतं.

काम सुरू होतं मातीत. चेहरा जमला की प्लास्टरमध्ये साचा घेऊन प्रतिकृती ओततात. मग येतं पॉइंटिंग मशीन. पितळी चौकटीला सरकती सुई असते. प्लास्टरवरच्या बिंदूची खोली सुईने मोजायची आणि दगडात तेवढंच छिद्र पाडायचं. अशी शेकडो छिद्रं पाडल्यावर मधला दगड काढतात. पुढे दातेरी छिन्नी, सपाट छिन्नी, कानस. मापं यंत्र सांगतं, स्वभाव मात्र शेवटच्या हाताला उतरतो.

तो उतरतो कसा? संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरून पसरतो, म्हणून गाल मऊ दिसतात. पण त्याच कारणाने बारीक सुरकुती हरवते. कपाळावरची करारी आठी मातीतल्यापेक्षा जास्त खोल खणावी लागते. कातडीला गुळगुळीत पॉलिश आणि उपरण्याला छिन्नीचा खरखरीतपणा ठेवला, की चेहरा आपोआप पुढे येतो. चष्मा ही तर परीक्षाच. पातळ काडी ताण सोसत नाही, तुटते. त्यामुळे कुणी तो जाड कोरतात, कुणी धातूची तार बसवतात, कुणी गाळूनच टाकतात.

सर्वांत अवघड डोळा. पांढऱ्या दगडात बुबुळाला रंग नाही. ग्रीक शिल्पी डोळे रंगवत. दुसऱ्या शतकात रोमन शिल्पी बुबुळ कोरू लागले. आजही बुबुळाच्या जागी छोटा खळगा खणतात आणि त्यात बऱ्याचदा दगडाचा एक कण राखतात. खळग्यात सावली साठते, कणावर उजेड पडतो आणि नजर रोखली जाते. खळगा उथळ राहिला तर तोच माणूस झोपाळू वाटतो. दरारा की माया, हा फरक अशा मिलिमीटरांत असतो.

म्हणूनच जयंती जवळ आली की पुतळ्याला ऑइलपेंट फासण्याची आपली हौस घातक आहे. रंगाचे थर चढतात, खळगा बुजतो, आठी भरते आणि सगळे पुढारी सारखे दिसू लागतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनरही त्याला खातं. भिंगारच्या असो वा कुठल्याही गावच्या, संस्थाचालकांना एवढंच सांगणं: मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. रंगाचा डबा कपाटातच राहू द्या.