कॉर्न स्नेक : निवारा आणि आहार

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी, शांत स्वभावाचा साप. पूर्ण वाढ झालेला साप सव्वा मीटरच्या आसपास भरतो. त्याला साधारण तेवढ्याच लांबीची काचपेटी लागते. झाकण घट्ट बसणारे हवे, कारण बारीक फटीतूनही तो निसटतो. सापाला आतून शरीर उबदार ठेवता येत नाही. म्हणून पेटीचे एक टोक २८ ते ३० अंश सेल्सिअसवर, तर दुसरे २२ ते २४ अंशांवर ठेवतात. हीटरला थर्मोस्टॅट नसेल तर साप भाजू शकतो. दोन्ही टोकांना लपायला जागा आणि पाण्याचे भांडे हवेच. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर होतात; तेव्हा ओलसर शेवाळ भरलेला डबा ठेवला की कात सहसा अखंड निघते.

खाद्य म्हणजे गोठवलेले उंदीर, पूर्ण वितळवून कोमट केलेले. जिवंत उंदीर सापालाच चावू शकतो. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाइतके असावे. पिलांना आठवड्यातून एकदा, प्रौढांना दहा ते चौदा दिवसांनी खाऊ घालतात. नंतर दोन दिवस साप हाताळू नये, नाहीतर तो भक्ष्य ओकून टाकतो.

हे सारे परदेशी कॉर्न स्नेकबद्दल झाले; भारतात नाग, धामण, अजगर असे देशी साप पाळणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.